माळवदावरचं लाल लुगडं

ता. ९ डिसेंबर २०२५
मिरजगावच्या पुढची वस्ती

चि. निकिता,

तुझा पास याच पाकिटात परत घातलाय. फाडणार होतो, पण त्यावर तुझं नाव छापलंय म्हणून हात थांबला. आठ फेब्रुवारीला पुण्याला विमानांच्या कसरती, म्हाताऱ्याला पहिल्या रांगेत खुर्ची, न्यायला गाडी. खुर्चीत बसून मी बघू काय? नात आभाळात उलटी टांगलेली बघू?

तू फोन केलास तेव्हा शेजारच्या कानिफनाथाच्या सुनेनं, ज्ञानेश्वरीनं, मोबाईल माझ्या कानाला लावला होता. मला फोनवर ऐकू येत नाही, वयानं कान गेलेत. तू तिकडून बोलत होतीस आणि मला पत्र्यावर वाळू पडल्यासारखं ऐकू येत होतं. मग तिनं ओरडून सांगितलं, "आबा, निकीताईची कसरतीच्या टीममधी निवड झाली! आता पेढं द्या!"

मी म्हणालो, "पेढं न्हाई, शेण देतो."

पोरगी तोंड पाडून घरात गेली. तिचा काही दोष नव्हता. पण मला राग आला की समोर कोण आहे ते दिसत नाही, हे तुला तुझ्या आईनं सांगितलं असेलच. का तेही सांगितलं नाही?

तू हवाई दलात गेलीस तेव्हा मी काही बोललो नाही. तुझी आई पुष्पा मला विचारत नाही, तू विचारलं नाहीस, मी गप्प बसलो. लढाऊ विमान चालवायला लागलीस, तेव्हाही गप्प बसलो. देशाचं काम आहे, कुणीतरी करायचंच. पण कसरत हे काय काम आहे? समोर शत्रू नाही, खाली लढाई नाही. खाली आहेत कागदाच्या टोप्या घातलेली माणसं, पोरांना खांद्यावर घेतलेली. त्यांनी टाळ्या वाजवाव्यात म्हणून आठ-नऊ जणांनी एकमेकांच्या अंगाला अंग घासून उडायचं. मागच्या महिन्यात दुबईला आपलंच विमान अशा कसरतीत पडलं. आख्ख्या वस्तीनं ते मोबाईलवर बघितलं. एका माणसाचा जीव जाताना मागं घेऊन, पुढं नेऊन, पुन्हा पुन्हा बघितला. "इथं बघा, इथं खाली आलं!" म्हणत होते. मी उठून गोठ्यात जाऊन बसलो.

आणि तुझा बाप विसरलीस का? माझा गोरक्ष इथंच पडला, आपल्या पाझर तलावात, विमानासकट. माझ्या घरापासून चारशे पावलांवर. तू तीन वर्षांची होतीस, तुला आठवत नसेल. मला रोज तलावाच्या बांधावरून शेळ्या न्याव्या लागतात.

एका घरातून एक दिला. दुसरा मागू नका.

सूर्यभान

ता. क. लिंबाचं लोणचं पाठवणार होतो. रागात राहिलं. तुझ्या तिथं चालतं का ते कळव.

ता. २८ डिसेंबर २०२५

चि. निकिता,

तुझं चार पानी पत्र पोचलं. अक्षर तुझ्या बापासारखं आहे, ओळ वर चढत जाते.

तू लिहितेस, "आबा, हा खेळ नाही. एकेक फेरी आम्ही आधी जमिनीवर चालून पाठ करतो." म्हणजे मोठी शिकलेली माणसं डांबरावर एकामागे एक, हाताचे पंजे पुढं धरून, लेझीम खेळल्यासारखी गोल चालतात. ज्ञानेश्वरीनं मला त्याचा व्हिडिओ दाखवला. बरं वाटलं असं म्हणणार नाही. ज्या कामाची एवढी तालीम करावी लागते, ते काम माणसाचं नव्हे असं वाटलं.

तुला वाटतं आबाला काही कळत नाही. सातवी नापास माणूस, शेळ्या आणि लिंबोणीची झाडं. तुझ्या बापानं मला सगळं समजावून सांगितलेलं आहे. सुट्टीवर आला की ताटातल्या भाकरीचे तुकडे करायचा आणि मांडायचा. हा पुढचा, हे मागचे. मला तो दादाच म्हणायचा. "दादा, पुढच्यानं एकट्यानंच बाहेर बघायचं. मागच्यांनी फक्त त्याच्या पंखाकडं बघायचं. जमिनीकडं बघायचंच न्हाई." मी म्हणालो, "आन् फुडचा चुकला तर?" तो हसला. म्हणाला, अमेरिकेत ब्याऐंशी साली तसंच झालं होतं. सरावात पुढचं विमान गोल घेऊन वर आलंच नाही, मागची तिन्ही त्याच्या मागोमाग जमिनीत गेली. चारही. कुणी वळलं नाही. वळायचं नसतं, अशी शिकवणच असते. हे सांगून त्यानं चारही तुकडे खाऊन टाकले. तुझी आजी केशर त्याला म्हणाली, "मेल्या, जेवताना तरी चांगलं बोल."

मग मी जुन्या-नव्या अपघातांची कात्रणं ठेवायला लागलो. तुझा बाप गेल्यावर. कानिफनाथ पेपर आणून द्यायचा, मी कापून वहीत चिकटवायचो. जर्मनीत अठ्ठ्याऐंशी साली तीन विमानं एकमेकांवर आदळली आणि एक थेट प्रेक्षकांत. सत्तर माणसं गेली. युक्रेनमध्ये दोन हजार दोन साली सत्याहत्तर, त्यात लहान पोरं किती. बघायला आलेली माणसं! त्यांचा काय गुन्हा? आणि ही कला किती जुनी ते तूच लिहिलंस, पहिलं महायुद्ध संपल्यावर रिकामे झालेले पायलट गावोगाव शेतात विमान उतरवून कसरती दाखवायचे. म्हणजे शंभर वर्षं झाली माणसं पडताहेत आणि शंभर वर्षं पुढच्या वर्षीचे पास छापले जाताहेत.

आता मुद्द्याचं. आपला सरपंच हर्षल कालच येऊन गेला. त्याच्या ओठावर मिशी फुटल्यापासून मी त्याला ओळखतो, आता मला खुर्ची सरकवून देतो. म्हणाला, "आबा, निकीताईला मेसेज केलाय. पुण्याचा कार्यक्रम झाला की जाता जाता समदी इमानं आपल्या गावावरून न्यायची. शाळेला पन्नास वर्षं झाली, त्यो कार्यक्रम मी आठ तारखेलाच घेतो. ताई बघते म्हणली हाय." एसटी स्टँडजवळ त्यानं फ्लेक्स लावलाय. त्यात तू, तुझा बाप आणि हर्षल. हर्षलचा फोटो सगळ्यात मोठा.

मी त्याला काठी दाखवली.

तू खरंच बघते म्हणालीस? तुझ्या बापाचं कसं झालं ते माहीत असून? तुला पुन्हा सांगतो, कारण तुझ्या आईनं तुला काय सांगितलंय कुणास ठाऊक. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. सरावाच्या उड्डाणातून आपल्या मनानं वाट वाकडी करून आला. जत्रेचा दिवस होता, तुझी आई तुला घेऊन इथं आली होती. बायको-पोरीला दाखवायचं होतं त्याला. चौकशीतही तेच निघालं, परवानगी नसताना खाली उतरून कसरत केली, चूक पायलटची. मी काय करणार होतो? मी खाली होतो.

थंडी फार आहे. बिबट्यानं ओढ्यापलीकडच्या वस्तीवरचं कुत्रं नेलं. मी संध्याकाळी दार लावून घेतो. काळजी करू नको.

सूर्यभान

ता. ११ जानेवारी २०२६

निकिता,

तुझं पत्र काल आलं. त्यातल्या बाकीच्या ओळी मी एकेकदा वाचल्या. गावावरून जायची रीतसर मंजुरी मागितली आहेस, कसरत नाही, सरळ रेषेत, पुष्कळ उंचावरून, तुला ती जागा एकदा वरून बघायची आहे, हे सगळं वाचलं. पण शेवटच्या या ओळी दहादा वाचल्या.

"आईला सांगितलं तेव्हा तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, तुझ्या आबांना कळव, त्या दिवशी घरावर काही टाकू नका म्हणावं. पांढरं नको आणि लाल तर मुळीच नको. आबा, याचा अर्थ काय? ती सांगत नाही."

असं म्हणाली काय? सव्वीस वर्षांत मला एक अक्षर लिहिलं नाही आणि आता तुझ्या हातून निरोप पाठवते? माझ्या घरावर मी काय टाकायचं ते पुण्याच्या फ्लॅटमध्ये बसून ती ठरवणार? मी माळवदावर मिरच्या वाळत घालतो. त्या लाल असतात. तेही नको का?

अर्थ काही नाही. बायकांच्या डोक्यात काहीही येतं. तिला विचारू नकोस पुन्हा.

तू गावावरून येणार नाहीस. सरळ रेषेत नाही, वाकड्या रेषेत नाही. हे विनंती म्हणून लिहीत नाही.

सूर्यभान

ता. १४ जानेवारी २०२६

चि. निकिता,

आज संक्रांत. ज्ञानेश्वरी तिळगूळ घेऊन आली. "गोड बोला आबा," म्हणाली. मी म्हणालो, "ठिव तिथं." ती गेल्यावर दार लावून घेतलं आणि बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. त्यातलं आंतरदेशीय पत्र तुला पाठवतोय. सांभाळून उलगड, घडीवर फाटलंय.

ते तुझ्या बापाचं आहे. तारीख बघ, २ एप्रिल १९९९. विमान पडलं अकरा तारखेला. तुझ्याकडं पोचायच्या आत कुठं हरवलं तर, म्हणून इथं उतरवून ठेवतो:

"दादा, जत्रेच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला आपल्या बाजूनं येणं होईल. तुम्ही दिवाळीपासून मागं लागला आहात, तर एकदाच येईन. वरून सगळ्या वस्त्या सारख्याच दिसतात, म्हणून माळवदावर पांढरं धोतर पसरा, म्हणजे घर ओळखीन. आईचं लाल लुगडं दिसलं तर समजेन की तिचं पोट भरलं नाही, मग आणखी एकदा येईन. कुणाला सांगू नका. आपला, गोरक्ष."

वाचलंस? त्याला बोलावलं होतं. मी बोलावलं होतं.

दिवाळीत मी त्याला टोचून टोचून बोललो. गावातल्या किसनाचा पोरगा मिलिटरीत ड्रायव्हर, तो एकदा ट्रक घेऊन दारात आला होता, सगळ्या गावानं बघितला. मी गोरक्षाला म्हणालो, "त्याचा टरक तरी दिसला. तुझं इमान काय कुणाला दिसलं न्हाई बाबा. लोक मला इचारत्यात, पोरगा खरंच पायलट हाय, का सायबाची बॅग उचलतो?" तो हसला, पण तुझी आजी हसली नाही. पुढच्या प्रत्येक पत्रात मी तेच लिहिलं.

कुणाला सांगू नका म्हणाला होता. मी दोन दिवसांत सगळ्या गावाला सांगितलं. डेअरीचे चेअरमन जत्रेतल्या कुस्त्यांचे पाहुणे होते, त्यांना जाऊन सांगितलं. म्हणालो, "कुस्त्यांच्या आधी वस्तीवर या, जरा गंमत दावतो." गंमत म्हणालो मी.

तुझी आई आदल्या दिवशी तुला घेऊन आली. जत्रेच्या सकाळी तिला माळवदावर धोतर दिसलं, मी ते उजाडताच दगड ठेवून बसवलं होतं. तिनं विचारलं. मी सांगितलं. तिनं हात जोडले. म्हणाली, "दादा, मिरजगावला जा, एसटीडीवरनं फोन करा त्यांच्या युनिटला. नको म्हणावं. माझ्या गळ्याची शपथ घाला. हे असलं करून तिथं दोन जण गेल्यात, मला म्हाईत हाय." मी म्हणालो, "गप बस. नवरा काय तुझ्या एकटीचा हाय?" ती दुपारपर्यंत उंबऱ्यात बसून होती, तुला मांडीवर घेऊन. बाहेर बघायला आली नाही.

तीनला दहा मिनिटं कमी असताना आलं. आवाज आधी नाही, विमान आधी. बहात्तरच्या दुष्काळात मी आणि केशरनं ज्या तलावाची माती डोक्यावर वाहिली, त्याच्या बांधावर शंभर माणूस उभं होतं. बांधावरून सपाट आलं, पंख हलवले, आणि समोर जाऊन उभंच्या उभं वर चढलं. वर टोकाला जाऊन उलटं झालं आणि गोल पूर्ण करून खाली आलं, निघून गेलं. मी बघितलं ते. खोटं बोलणार नाही, माझ्या आयुष्यात तेवढं सुंदर मी काही बघितलेलं नाही. माणसं ओरडत होती. कुणीतरी माझ्या पाया पडलं.

तेवढ्यात चेअरमनची जीप आमच्या अंगणात आली. उशिरा. खाली उतरून म्हणाले, "आलं का इमान?"

कानिफनाथ म्हणाला, "गेलं की आत्ताच!"

"अरारा. हुकलं राव आमचं." आणि पुन्हा जीपकडं वळले.

निकिता, मला एवढंच वाटलं, माणूस हिरमुसला. मी पळत घरात गेलो, पेटीतून केशरचं लाल लुगडं काढलं. ती म्हणाली, "पुरं झालं की. बघितलं म्या." मी म्हणालो, "धर टोक." तिनं एक टोक धरलं, मी एक. धोतरावर लुगडं पसरलं. मी चेअरमनना वरून ओरडून सांगितलं, "थांबा साहेब, परत येतंय!"

तो लांब वळसा घेऊन परत बघायला आलाच असणार. घर दिसतंय का, आई दिसते का. लाल दिसलं आणि तो आला.

तुझ्या बापानं मला भाकरीच्या तुकड्यावर हेही शिकवलं होतं. गोल घेताना वरच्या टोकाला एक फाटक असतं. तिथं उंची बघायची. पुरेशी असली तरच खाली तोंड करायचं. कमी असली तर खाली यायचं नाही, बाजूला कलून निघून जायचं. "दादा, फाटक पाळलं की माणूस म्हातारा हुतो." उन्हाळ्यात हवा विरळ, विमानाला जोर कमी मिळतो, हेही त्यानंच सांगितलेलं. दुसऱ्यांदा तो पहिल्यापेक्षा खालून आला, बहुतेक आईला नीट बघायला. तितक्या खालून वर चढला तर टोकही तितकंच खाली. मी माळवदावर होतो. मला खालूनसुद्धा कळलं की हा गोल लहान आहे. मी हात हलवत होतो. त्याला वाटलं असेल, दादा खूश आहे.

तलाव कोरडा होता. पाणी असतं तरी काय झालं असतं म्हणा. माझा डावा कान त्या आवाजानं गेला. वयानं नाही गेला.

चौकशीला दोन साहेब आले. मराठी बोलणारे होते, माझ्याशी चांगलं बोलले. "बाबा, तो येणार हे तुम्हाला माहीत होतं का?" मी म्हणालो, "न्हाई साहेब." "एवढी माणसं का जमली होती?" "जत्रा हाय साहेब, कुस्त्या हायेत." लुगडं मी आधीच खाली आणलं होतं. तुझी आई दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं. ती काही बोलली नाही. मला वाटलं, घाबरली. फार वर्षांनी कळलं की घाबरली नव्हती. ती बोलली असती तर आधीपासून ठरवून केलं असं कागदावर आलं असतं. क्षणभराची हुक्की आली म्हणून केलं, एवढ्यावर भागावं म्हणून ती गप्प राहिली. तिनं त्याचं नाव झाकलं. मी माझं झाकलं.

आणि आता जे लिहायचंय ते लिहायला मला चार वेळा पाणी प्यावं लागलं.

दहाव्याला ओढ्यावर कावळा शिवेना. तास झाला, दोन झाले. सगळे सोयरे बसून. म्हातारी माणसं म्हणायला लागली, कुणाच्या तरी पोटात काहीतरी राहिलंय, बोलून टाका, तो ऐकतोय. माझ्या पोटात होतं. मी उभा राहिलो. बोलणार होतो, देवाशपथ बोलणार होतो. समोर चेअरमन, सोयरे, आख्खं गाव, आणि माझ्या तोंडातून निघालं, "पुष्पाच्या हट्टापायी गेला माझा पोरगा. तिनंच बोलावलं त्याला."

तिनं माझ्याकडं बघितलं. रडत होती ती थांबली. उठली, तुला कडेवर घेतलं आणि ओढ्यातून चालत एसटीच्या रस्त्याला लागली. कुणी अडवलं नाही. कावळा शिवलाच नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिवला.

तुझ्या आजीला खरं माहीत होतं. तिनं टोक धरलं होतं. बारा वर्षांपूर्वी गेली, तोपर्यंत माझ्याशी स्वयंपाकापुरतं बोलली.

तुझी आई तुला खूण करू नका म्हणून सांगते, कारण तिला वाटतं मी पुन्हा तेच करीन. तिला तसं वाटायचा हक्क आहे. हे पत्र तिला वाचून दाखव. मी तिला लिहू शकत नाही, मायना काय घालू?

सूर्यभान

ता. २७ जानेवारी २०२६

चि. निकिता,

तुझी दोन ओळींची चिठ्ठी पोचली. "आईला पत्र दिलं. गावावरचा रस्ता मी बदलून घेतला आहे." बरं केलंस. तू माझ्यावर चिडून दोनच ओळी लिहिल्यास की वेळ नव्हता, हे मी विचारत नाही.

काल सव्वीस जानेवारीची ग्रामसभा होती. झेंडा झाल्यावर हर्षलनं माईक घेतला आणि म्हणाला, काही कारणानं विमानं येणार नाहीत, ताईला दुसरीकडं ड्युटी आहे. लोक कुरकुरले. मग कुणीतरी मागून म्हणालं, "बापासारखी न्हाई निघाली. त्यो तर बायकोसाठी आला हुता." हसले काही जण. सव्वीस वर्षं झाली तरी गावात हेच चालतं, आणि ते माझ्याच तोंडचं आहे.

मी उठलो. हर्षल म्हणाला, "आबा, तुमचा इषय नंतर घिऊ." मी म्हणालो, "माईक दे हिकडं." त्यानं दिला नाही. मग मी माईकशिवायच बोललो. बहिरा माणूस मोठ्यानंच बोलतो, सगळ्यांना ऐकू गेलं.

मी सांगितलं, त्याला पुष्पानं बोलावलं नव्हतं. तिनं नको म्हणून मला हात जोडले होते. मी बोलावलं. एकदा येऊन गेला होता, घरी सुखरूप जाणार होता. पाहुण्याला बघायला मिळालं नाही म्हणून मी लाल लुगडं टाकून परत बोलावलं. चौकशीला खोटं मी बोललो, ओढ्यावर खोटं मी बोललो. ज्यांनी ज्यांनी तिला नाव ठेवलं त्यांनी आता मला ठेवा, मी इथंच राहतो.

चेअरमन आता नव्वदीला आलेत, व्हीलचेअरवर पहिल्या रांगेत होते. त्यांनी नातवाला विचारलं, "काय म्हणतोय त्यो?" नातू म्हणाला, "काय न्हाई आप्पा, जुनं हाय." मला त्यांचा राग येतो असं मी इतकी वर्षं धरून होतो. काल बघितलं तर त्यांना आठवतही नव्हतं. त्यांनी काय केलं होतं? उशिरा आले आणि हुकलं म्हणाले. एवढंच.

सभा मोडली. किसना एकटा माझ्याबरोबर वस्तीपर्यंत चालत आला. संध्याकाळी हर्षलनं फ्लेक्स उतरवला. ज्ञानेश्वरी रात्रीची भाकरी ठेवून गेली, पण माझ्या तोंडाकडं बघितलं नाही. तिनं का बघावं?

आता तुझ्या कसरतीचं. माझा राग गेलेला नाही. मी पुण्याला येणार नाही, पास पुन्हा पाठवू नकोस. तू सोडून दे असं मात्र आता लिहीत नाही. तो हक्क मी लुगड्याबरोबर घालवला. एवढंच ऐक, खाली माणसं काय ओरडतात, काय हलवतात, कोण उशिरा आलंय, तिकडं बघायचं नाही. फाटक पाळायचं. उंची कमी दिसली की निघून जायचं, मग सगळे हिरमुसले तरी चालतील. हिरमुसून कुणी मरत नाही. आठ तारखेला उतरलीस की ज्ञानेश्वरीच्या मोबाईलवर नुसती रिंग दे आणि बंद कर. मला ऐकू येत नाही, पण तो उजेड पाडतो आणि थरथरतो. मी हातात धरून बसणार आहे.

आणखी एक गोष्ट राहिली, त्यासाठीच खरं तर हे पत्र.

आज सकाळी फोन आला. ज्ञानेश्वरी पळत आली आणि नाव असलेला मोबाईल माझ्या तोंडापुढं धरला. पुष्पा काकू, असं दिसत होतं, नंबर तूच दिला असशील. ज्ञानेश्वरी म्हणाली, "आबा, स्पीकरवर टाकते, मी तुमाला मोठ्यानं सांगते काय म्हनत्यात त्ये." मी म्हणालो, "नको. हिकडं आन." आणि घेऊन गोठ्याच्या मागं गेलो. ते दुसऱ्या कुणी ऐकायचं नव्हतं.

उजव्या कानाला लावला. सुरुवातीला "दादा" एवढं स्पष्ट ऐकू आलं. त्यानंतर ती बोलत राहिली. पाच मिनिटं, सहा मिनिटं. पत्र्यावर वाळू पडत राहिली. मध्ये एकदा थांबली, मला वाटलं संपलं, मी म्हणालो, "पुष्पा, मला ऐकू येत न्हाई गं." तिला ते कळलं का नाही, माहीत नाही. ती पुन्हा बोलायला लागली.  मी तिथल्या दगडावर बसलो, पण कानापासून काढला नाही. मग तो आपोआप बंद झाला.

ती काय म्हणाली ते तिला विचार आणि मला कागदावर लिहून पाठव. मोठ्या अक्षरात लिही. शिव्या असतील तर शिव्या लिही. मऊ करू नकोस, मधलं काही गाळू नकोस.

सूर्यभान